नाथसागर जलाशयातील अंतर्गत तरंग आणि पृथ्वीचे परिवलन : एक विवेचन

सारांश

मोठ्या जलाशयातील पाणी वरून स्थिर दिसत असले तरी त्याच्या पोटात तापमानातील फरकामुळे निर्माण झालेल्या थरांच्या सीमेवर संथ व प्रचंड तरंग चालू असतात. जलाशय पुरेसा रुंद असल्यास पृथ्वीच्या परिवलनाचा या तरंगांवर निर्णायक परिणाम होतो. प्रस्तुत लेखात या तरंगांची निर्मिती, त्यांचे प्रकार व त्यांवरील परिवलनाचा परिणाम यांचे विवेचन केले असून, पैठण येथील नाथसागर (जायकवाडी) जलाशयाच्या संदर्भात ढोबळ गणिताच्या आधारे त्यांचे महत्त्व स्पष्ट केले आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहर, वाळूज औद्योगिक क्षेत्र व त्यातील बजाजनगरसारख्या वसाहती यांचा पाणीपुरवठा या जलाशयावर अवलंबून असल्याने हा विषय केवळ सैद्धांतिक राहत नाही.

बीजसंज्ञा : औष्णिक स्तरीभवन, अंतर्गत तरंग, कोरिऑलिस बल, रॉस्बी त्रिज्या, केल्विन तरंग, पॉइन्कारे तरंग, नाथसागर.

प्रस्तावना

मराठवाड्याच्या जीवनात जायकवाडी प्रकल्पाचे स्थान अनन्यसाधारण आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. संत एकनाथांच्या नावाने ओळखला जाणारा नाथसागर सुमारे ५५ कि.मी. लांब व जास्तीत जास्त सुमारे २७ कि.मी. रुंद असून पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे ३५० चौ.कि.मी. होतो. एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यापैकी २,१७१ दशलक्ष घनमीटर हा जिवंत साठा व उर्वरित ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृत साठा होय. एकूण साठ्याला विस्ताराने भागल्यास सरासरी खोली जेमतेम ८.३ मी. येते. म्हणजेच नाथसागर हा अतिशय पसरट आणि त्या मानाने उथळ असा जलाशय आहे.

जायकवाडीची चर्चा बहुधा साठ्याच्या टक्केवारीपुरती मर्यादित राहते. पाणी किती आहे हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु ते पाणी आतून कसे हलते, कोणत्या खोलीवरचे पाणी केव्हा कोणत्या काठाशी येते, हा प्रश्नही पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे. भौतिक सरोवरविज्ञान या शाखेत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या प्रश्नाचा सखोल विचार झाला आहे.

उद्दिष्टे

१) स्तरित जलाशयातील अंतर्गत तरंगांची संकल्पना स्पष्ट करणे.
२) पृथ्वीच्या परिवलनाचा या तरंगांवर केव्हा व कसा परिणाम होतो हे समजून घेणे.
३) नाथसागराच्या संदर्भात या परिणामाचे प्रमाण अजमावणे.
४) पाणी उपसा व जलगुणवत्ता यांच्या नियोजनासाठी त्याचा अर्थ सांगणे.

जलाशयातील स्तरीभवन

सूर्याची उष्णता पाण्याच्या वरच्या काही मीटर भागातच शोषली जाते. तापलेले पाणी हलके असल्याने वर राहते आणि थंड, जड पाणी तळाशी राहते. वाऱ्याच्या घुसळणीने वरचा थर साधारण एकसारख्या तापमानाचा बनतो. त्याखाली तापमान थोड्याच अंतरात झपाट्याने उतरते. या संक्रमणाच्या पट्ट्याला थर्मोक्लाइन असे म्हणतात. त्याच्या खाली शांत व तुलनेने थंड पाण्याचा थर असतो.

येथे उष्ण प्रदेशातील जलाशयांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. पाण्याची घनता तापमानाबरोबर सारख्या दराने बदलत नाही. १० अंश व १४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याच्या घनतेत दर घनमीटरला सुमारे ०.४५ कि.ग्रॅ. इतका फरक असतो, तर २५ व २९ अंशांच्या पाण्यात तोच फरक सुमारे १.१ कि.ग्रॅ. असतो. म्हणजे चार अंशांचाच फरक आपल्याकडे सुमारे अडीचपट परिणामकारक ठरतो. त्यामुळे थंड प्रदेशातील सरोवरांच्या मानाने तापमानातील फरक अल्प दिसला, तरी त्यावरून थर नाहीत असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

उथळ जलाशयात हे थर वर्षभर टिकत नाहीत. जोराचा वारा, हिवाळ्यातील रात्रीचा गारठा आणि पुराच्या पाण्याची आवक यांमुळे ते मोडतात व पुन्हा तयार होतात. पावसाळा संपून जलाशय भरलेला असताना, वारा पडलेला आणि ऑक्टोबरचे ऊन कडक, अशी स्थिती थर तयार होण्यास विशेष अनुकूल असते. मार्च ते मे या काळात उष्णता भरपूर असते, परंतु पाणी उतरलेले असल्याने खोली कमी झालेली असते.

अंतर्गत तरंग म्हणजे काय

एका बाटलीत अर्धे पाणी व अर्धे तेल भरून ती हळूच कलती केली, तर तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक संथ लाट हेलकावताना दिसते. वरच्या पृष्ठभागावर मात्र फारशी हालचाल दिसत नाही. जलाशयात तेलाची जागा उबदार पाणी घेते आणि पाण्याची जागा थंड पाणी. दोन्ही थरांच्या घनतेतील फरक अतिशय अल्प असल्याने सीमेला पूर्वस्थितीवर आणणारे गुरुत्वबलही क्षीण असते. म्हणून हे तरंग संथ असतात आणि त्यांची उंची काही मीटरपर्यंत जाऊ शकते.

त्यांची निर्मिती मुख्यतः वाऱ्यामुळे होते. वारा एका दिशेने वाहत राहिला की वरच्या थरातील पाणी वाऱ्याच्या पुढच्या काठाकडे ढकलले जाते. त्या काठाशी थर्मोक्लाइन खाली दबते आणि वारा जेथून येतो त्या काठाशी ती वर उचलली जाते. वारा थांबताच ही कललेली सीमा तराजूच्या दांडीप्रमाणे हेलकावू लागते. या हेलकाव्याला अंतर्गत सेश असे म्हणतात. पृष्ठभागावरील सेशचा पद्धतशीर अभ्यास फोरेल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिनिव्हा सरोवरावर केला. अंतर्गत सेशची कल्पना वॉटसन याने १९०४ मध्ये स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवरातील तापमानाच्या नोंदींवरून मांडली व वेडरबर्न याने ती पुढे विकसित केली.

दोन्ही प्रकारांतील अंतर आकड्यांवरून स्पष्ट होते. नाथसागराच्या धरणाजवळील खोल भागासाठी पुढील मूल्ये गृहीत धरू : वरचा थर ८ मी. व २९ अंश, खालचा थर ८ मी. व २५ अंश, खोऱ्याची लांबी २० कि.मी. ही मूल्ये मोजणीची नसून प्रमाण समजण्यासाठी घेतलेली आहेत. पृष्ठभागावरील लांब लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १२.५ मी. येतो आणि एका हेलकाव्याला सुमारे ५३ मिनिटे लागतात. अंतर्गत तरंगाचा वेग मात्र सेकंदाला सुमारे ०.२१ मी., म्हणजे दिवसाला सुमारे १८ कि.मी. येतो आणि एका हेलकाव्याला सुमारे ५३ तास लागतात. जे पृष्ठभागावर मिनिटांत घडते तेच पोटात तासांत घडते. वेगात सुमारे साठपट फरक आहे.

पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम

फिरत्या पृथ्वीवर हालणाऱ्या कोणत्याही वस्तूचा मार्ग वळलेला दिसतो. उत्तर गोलार्धात हे वळण उजवीकडे असते. या परिणामाला कोरिऑलिस बल असे नाव आहे. हे बल क्षीण असल्याने त्याचा प्रभाव दिसण्यास वेळ लागतो. किती वेळ, याचे माप म्हणजे जडत्वीय आवर्तकाल. हा काल सुमारे १२ तास भागिले अक्षांशाची ज्या (साइन) इतका असतो. जिनिव्हा सरोवराच्या अक्षांशावर तो सुमारे १६.५ तास आहे, तर पैठणच्या १९.५ अंश उत्तर अक्षांशावर तो सुमारे ३६ तास येतो.

५३ मिनिटांत पूर्ण होणाऱ्या पृष्ठभागीय हेलकाव्याला ३६ तासांच्या मंद बलाची दखल घेण्यास सवडच नसते. परंतु ५३ तास चालणाऱ्या अंतर्गत हेलकाव्याच्या काळात पृथ्वी दोनदा स्वतःभोवती फिरून पुढे गेलेली असते. त्यामुळे तराजूच्या दांडीचे साधे चित्र येथे अपुरे पडते.

हीच गोष्ट अंतराच्या भाषेत मांडता येते. तरंगाचा वेग भागिले कोरिऑलिस गुणांक या अंतराला रॉस्बी त्रिज्या म्हणतात. जलाशयाची निम्मी रुंदी या त्रिज्येपेक्षा बरीच लहान असेल तर परिवलन दुर्लक्षिता येते. ती त्रिज्येएवढी किंवा मोठी असेल तर दुर्लक्षिता येत नाही. वरील गृहीतांनुसार नाथसागरातील अंतर्गत तरंगांची रॉस्बी त्रिज्या सुमारे ४.३ कि.मी. येते. रुंदी १२ कि.मी. असलेल्या भागातही निम्मी रुंदी ६ कि.मी. भरते. विषुववृत्ताच्या तुलनेने जवळ असूनही नाथसागर परिवलनाच्या प्रभावाखाली येतो, तो त्याच्या पसरट आकारामुळे आणि अंतर्गत तरंगांच्या संथपणामुळे.

तुलनेसाठी लोणारचे उदाहरण घेता येईल. उल्कापातातून बनलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ कि.मी. व त्यातील सरोवराचा व्यास सुमारे १.२ कि.मी. आहे. तेथे तरंगाचा वेग सेकंदाला ०.१ मी. इतका कमी धरला तरी रॉस्बी त्रिज्या सुमारे २ कि.मी. येते. ती सरोवराच्या निम्म्या रुंदीच्या तिपटीहून अधिक आहे. अक्षांश जवळजवळ सारखाच असूनही लोणारच्या सरोवरात परिवलनाचा प्रभाव नगण्य राहतो. सह्याद्रीच्या दरीत लांबवर पसरलेला कोयनेचा शिवसागर खोल असला तरी अरुंद असल्याने तेथेही लांबीच्या दिशेने होणारा हेलकावाच प्रमुख ठरतो.

केल्विन तरंग

परिवलनाच्या प्रभावाखाली अंतर्गत तरंगांचे दोन मुख्य प्रकार संभवतात. पहिला प्रकार लॉर्ड केल्विन यांनी १८७९ मध्ये गणिताने मांडला. या तरंगात उजवीकडे वळू पाहणारे पाणी काठाला टेकते आणि तरंग काठाच्या आधाराने पुढे सरकतो. उत्तर गोलार्धात काठ नेहमी तरंगाच्या उजव्या हाताला राहतो. त्यामुळे बंद जलाशयात हा तरंग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने काठाकाठाने प्रदक्षिणा घालतो. त्याची उंची काठाशी सर्वाधिक असते व एका रॉस्बी त्रिज्येइतके आत गेल्यावर ती एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. जलाशयाच्या मध्यावर त्याची फारशी चाहूल लागत नाही.

नाथसागराच्या बाबतीत याचा अर्थ असा की, दक्षिण काठाशी निर्माण झालेला उठाव पूर्वेकडे धरणाच्या दिशेने सरकेल, धरणाच्या भिंतीपुढून उत्तरेकडे वळेल आणि नंतर उत्तर काठाने पश्चिमेकडे जाईल. दिवसाला सुमारे १८ कि.मी. या वेगाने तो वारा थांबल्यानंतर एक-दोन दिवसांनी अशा ठिकाणी पोहोचू शकतो, जेथे त्या वेळी वारा मुळीच नाही. पाण्याच्या दर्जात अकारण वाटणारा बदल अशा वेळी दोन दिवसांपूर्वीच्या वाऱ्याचा परिणाम असू शकतो.

पॉइन्कारे तरंग

दुसरा प्रकार फ्रेंच गणितज्ञ पॉइन्कारे यांच्या नावाने ओळखला जातो. हे तरंग जलाशयाच्या मध्यभागात प्रभावी असतात. त्यांच्यातील प्रवाहाची दिशा उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सतत फिरत राहते. त्यांचा आवर्तकाल नेहमी जडत्वीय आवर्तकालापेक्षा कमी असतो. उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवरात जडत्वीय आवर्तकाल सुमारे १७.५ तास असून तेथील पॉइन्कारे तरंग त्याहून किंचित कमी आवर्तकालाचे आढळतात. विसाव्या शतकाच्या मध्यापासून मॉर्टिमर या शास्त्रज्ञाने विंडरमिअर, जिनिव्हा व मिशिगन या सरोवरांच्या अभ्यासातून या क्षेत्राचा पाया भक्कम केला.

दैनंदिन वारा आणि अक्षांश

येथे महाराष्ट्राच्या अक्षांशाचे एक महत्त्वाचे वेगळेपण समोर येते. इस्रायलमधील किनेरेट सरोवर सुमारे २१ कि.मी. लांब व १३ कि.मी. रुंद असून तेही पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे. उन्हाळ्यात तेथे भूमध्य समुद्रावरून रोज दुपारी ठरावीक वेळी वारा येतो. त्यामुळे २४ तासांच्या आवर्तकालाचा अंतर्गत केल्विन तरंग तेथे ठळकपणे आढळतो. त्या अक्षांशावर जडत्वीय आवर्तकाल सुमारे २२ तास आहे. २४ तासांचा ताल त्याहून मंद असल्याने तो पॉइन्कारे तरंगाच्या रूपात चालू शकत नाही. त्याला काठालाच बिलगून राहावे लागते.

पैठणच्या अक्षांशावर चित्र उलटे आहे. येथे जडत्वीय आवर्तकाल ३६ तास असल्याने २४ तासांचा ताल त्याहून जलद ठरतो. म्हणून दिवसा वाहणारा व रात्री पडणारा वारा येथे पॉइन्कारे तरंगांनाही चालना देऊ शकतो. पूर्वोक्त गृहीतांनुसार २४ तासांच्या पॉइन्कारे तरंगाची निम्मी तरंगलांबी सुमारे १२ कि.मी. येते आणि नाथसागराच्या रुंदीत हे अंतर सहज बसते. झोपाळ्याला त्याच्या तालावर धक्का दिल्यास तो उंच जातो, त्याप्रमाणे रोजच्या वाऱ्याचा ताल व जलाशयाचा ताल जुळल्यास लहान वाऱ्यानेही तरंग वाढत जातात. ३० अंश अक्षांश ही या दोन स्थितींमधील सीमा होय. त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशातील सरोवरांचे निष्कर्ष महाराष्ट्रातील जलाशयांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

वाऱ्याची तीव्रता व खालच्या पाण्याचा उठाव

वाऱ्याने सीमा किती कलते हे वाऱ्याचा ताण, जलाशयाची लांबी, वरच्या थराची जाडी व घनतेतील फरक यांवर अवलंबून असते. त्याच गृहीत मूल्यांसाठी सेकंदाला ३ मी. वेगाचा सततचा वारा सीमा एका टोकाला सुमारे १.६ मी. उचलेल. ५ मी. वेगाचा वारा ती सुमारे ४.५ मी. उचलेल. १० मी. वेगाच्या वाऱ्यात खालचे पाणी थेट पृष्ठभागावर येईल व थरांची रचनाच ढासळू लागेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाल्यास परिणाम चौपट होतो, हे यातील सूत्र आहे. त्यासाठी वारा हेलकाव्याच्या सुमारे एक-चतुर्थांश काळ, म्हणजे १३ तासांच्या आसपास टिकावा लागतो.

परिवलनामुळे यात आणखी एक भर पडते. वारा टिकून राहिल्यास वरच्या थराचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकते आणि डाव्या काठाशी खालचे पाणी वर येते. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याचा डावा काठ म्हणजे उत्तर काठ होय. पैठण याच काठावर आहे आणि छत्रपती संभाजीनगर व वाळूज याच बाजूस आहेत. म्हणून पश्चिमेचा वारा व तळाच्या पाण्याचा उत्तर काठाकडील उठाव यांचा संबंध तपासणे अगत्याचे ठरते.

जलगुणवत्तेशी संबंध

तळाच्या थराला हवेतील प्राणवायू मिळत नाही आणि पुरेसा प्रकाशही पोहोचत नाही. सेंद्रिय गाळ कुजताना तेथील प्राणवायू संपत जातो. प्राणवायूच्या अभावात गाळातील लोह, मँगनीज व फॉस्फरस पाण्यात विरघळतात आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे दुर्गंधी येते. थर्मोक्लाइन जोपर्यंत खाली आहे तोपर्यंत हे पाणी उपसा विहिरीच्या मुखापर्यंत येत नाही. ती दोन-तीन मीटर उचलली गेली की मुखाशी येणारे पाणी काही तासांत बदलते. शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन व तुरटीची मात्रा आदल्या दिवसाच्या पाण्यानुसार ठरलेली असेल, तर ती अपुरी पडते.

उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराच्या काठावरील जलशुद्धीकरण केंद्रांना प्राणवायूहीन पाण्याच्या अशा उठावाचा अनुभव येत असतो. तेथे वाऱ्याच्या अंदाजावरून तळाच्या पाण्याची हालचाल आधीच कळविणारी पूर्वानुमान पद्धती विकसित करण्यात आली आहे. दुसरीकडे, हे तरंग उपकारकही असतात. काठाच्या उतारावर ते फुटतात तेव्हा तळाचे व वरचे पाणी मिसळते, तळाला प्राणवायू मिळतो आणि पोषकद्रव्ये वर येऊन माशांच्या व पर्यायाने पक्ष्यांच्या अन्नसाखळीला आधार देतात. १९८६ पासून पक्षी अभयारण्य म्हणून घोषित असलेल्या या जलाशयासाठी ही बाब दुय्यम नाही.

दुष्काळाच्या वर्षांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. २०१६ व २०१९ च्या उन्हाळ्यात नाथसागराची पातळी मृत साठ्यात गेली होती. अशा वेळी तळ व उपसा मुख यांतील अंतरच कमी होते. थोडा वाराही गाळालगतचे पाणी मुखाशी आणण्यास पुरेसा ठरतो.

नियोजनासाठी सूचना

१) पाण्याचा नमुना एकाच ठिकाणी, एकाच खोलीवर व एकाच वेळी घेतल्यास तो तरंगाच्या कोणत्या अवस्थेत घेतला हे कळत नाही. निदान ऑक्टोबर व मार्च-एप्रिलमध्ये सलग ७२ तास, म्हणजे दोन जडत्वीय आवर्तकाल, नोंदी घेतल्या जाव्यात.
२) उपसा विहिरींजवळ दोरीवर दर दोन मीटरला तापमापक बसवून सतत नोंद ठेवणे हा तुलनेने स्वल्प खर्चाचा उपाय आहे.
३) उत्तर व दक्षिण अशा दोन्ही काठांवर नोंदी असल्यास केल्विन तरंगाची प्रदक्षिणा ओळखता येईल. केवळ मध्यावरील एक केंद्र त्यासाठी पुरेसे नाही.
४) नव्या उपसा विहिरींना वेगवेगळ्या खोलीवर एकाहून अधिक मुखे ठेवल्यास परिस्थितीनुसार चांगल्या थरातील पाणी घेता येते.
५) जलाशयावर तरंगते सौर पटल बसविण्याची चर्चा गेल्या काही वर्षांत झाली आहे. असे पटल वाऱ्याचा ताण व सूर्याची उष्णता दोन्ही अडवितात. म्हणून कोणत्याही मोठ्या निर्णयापूर्वी थरांची मूळ स्थिती नोंदलेली असणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

मोठ्या स्तरित जलाशयातील अंतर्गत तरंग संथ असतात. त्या संथपणामुळेच पृथ्वीचे परिवलन त्यांना वळण देऊ शकते. काठाशी केल्विन तरंग व मध्यभागी पॉइन्कारे तरंग ही त्याची दोन मुख्य रूपे होत. अक्षांश कमी असला तरी पसरट आकार व अंतर्गत तरंगांचा संथपणा यांमुळे नाथसागर या परिणामाच्या कक्षेत येतो आणि दैनंदिन वाऱ्याला त्याचा प्रतिसाद समशीतोष्ण प्रदेशातील सरोवरांपेक्षा वेगळा असू शकतो. येथे दिलेले आकडे गृहीत मूल्यांवर आधारलेले आहेत. त्यांची पडताळणी जलाशयातील प्रत्यक्ष मोजणीनेच होईल. परिसरातील महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र, भूगोल व पर्यावरणशास्त्र विभाग एकत्र आले तर विद्यार्थ्यांच्या सहभागातून ही मोजणी अशक्य नाही. बजाजनगरमधील कुटुंबाच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा दर्जा शुद्धीकरण केंद्राप्रमाणेच नाथसागराच्या पोटातील या न दिसणाऱ्या लाटांवरही अवलंबून आहे, याची जाणीव नियोजनात उतरणे गरजेचे आहे.